चौकटीत न मावलेली ओळ

माझी चुलत बहीण शालनअक्का गेल्या महिन्यात मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास कुंडलला राहत्या घरी वारली. वय चौतीस. पीठ चाळता चाळता ती भिंतीला टेकली, ती पुन्हा उठली नाही. दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याचं लिहिलं आहे. गोळ्यांचा उल्लेख नाही. तार सांगलीला आमच्या दैनिकाच्या कचेरीत आली तेव्हा मी तिसऱ्या पानाची प्रुफं वाचत होतो.

रहिमतपूरला आम्ही एका घरात वाढलो. ती मला बाळू म्हणे, कचेरीत चारचौघांतसुद्धा. लग्नाला अकरा वर्षं झाली, दाजी पलटणीत आणि ती कुंडलला सासूजवळ, उसाच्या कामात. यंदा दाजींना फॅमिली क्वार्टर मंजूर झालं. पत्रासोबत त्यांनी तिथल्या शेजाऱ्यांचा फोटो पाठवला होता. त्यातल्या बायका सडपातळ होत्या. शालनअक्कानं तो आरशाच्या चौकटीत खोचून ठेवला, असं तिच्या सासूबाई सांगतात.

आमच्या दैनिकात तेव्हा वजन उतरवणाऱ्या गोळ्यांची जाहिरात येत होती. डावीकडे लठ्ठ बाई, उजवीकडे तीच बारीक झालेली, शेजारी हसणारा नवरा. पथ्य नको, व्यायाम नको, फक्त तीस दिवस. खालचं कूपन कापून पाठवलं की व्ही.पी.नं पार्सल घरी, पैसे पोस्टमनच्या हातात. दुष्काळाच्या साली त्याच जागी अंगावर मांस चढवणाऱ्या टॉनिकची जाहिरात असे. दोन्हींचा मजकूर मुंबईहून इंग्रजीत आला. मराठी मी केलं.

आमची शेवटची भेट ती ब्लाऊज शिवायला टाकून कचेरीत आली तेव्हाची. खुर्ची दिली तर बसेना. माझ्या टेबलावरचे कागद सारखे करत राहिली, केलेले पुन्हा करत राहिली.

"झोप लागत न्हाई रं बाळू. पर काम लय उरकतंय. शिंप्याला सांगितलं, दोन बोटं आत घे."

"डॉक्टरला विचारलंस?"

"कशाला? तुज्या पेपरात आलंय न्हवं? तू खोटं छापशील व्हय?" मग हसली. "आदी मांस चढवाय सांगता, मग उतरवाय. पेपर हाय का तराजू?"

चहा मागवला, तो तसाच निवला. निघताना तिनं सांगितलं, क्वार्टर पंधरा दिवस आधीच मिळतंय, दाजी न्यायला येणार आहेत, म्हणून ती आता एकीच्या जागी दोन गोळ्या घेते. मी बरं म्हटलं. पान छपाईला सोडायची वेळ झाली होती.

दाजी आले ते ती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी. तेरावं उरकल्यावर त्यांनी बाटली माझ्या हातात दिली.

"पाव्हणं, लेबल इंग्रजीत हाय. वाचा."

वाचलं. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये.

"मग पेपरात का न्हवतं ह्ये?"

मी बाटली पिशवीत टाकली. दुसऱ्या दिवशी कचेरीत जाहिरातींची फाईल काढली. मुंबईहून आलेल्या कागदावर शेवटची ओळ तीच आहे, बारीक टायपात. मराठी मजकूर एका ओळीनं वाढत होता, चौकट ठरलेली होती. व्यवस्थापक म्हणाले होते, "फोटो कापायचे नाहीत, शब्द कापा."

बाटली माझ्या खणात आहे. आत सात गोळ्या आहेत. फाईलमधल्या त्या ओळीवर निळ्या पेन्सिलीची आडवी रेघ आहे आणि समासात सही. सही माझी आहे.