टेकडीवरची सात घरं

फाल्गुनाच्या शेवटी बाबांची वाचा गेली. मी तेव्हा जर्मनीत होते. मेंदूतली रक्ताची गुठळी औषधाने विरघळली, हातपाय शाबूत राहिले, पण शब्द गेले. बाबांनी आयुष्यभर चिखलीच्या बसस्थानकावर गाड्यांची घोषणा केली होती. आता ते फोनच्या पडद्यावर तोंड उघडायचे आणि नुसता एक लांब सूर निघायचा. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, शब्द परत येऊ शकतील. कधी, ते सांगता येणार नाही.

मी पेशाने पत्रकार. दोन वर्षं एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत काम केलं आणि मग ‘ओ पेअर’ म्हणून परदेशी गेले. म्हणजे एका कुटुंबात राहायचं, त्यांची दोन मुलं सांभाळायची, भाषा शिकायची. बदल्यात खोली, जेवण आणि हातखर्च. वर्ष अर्ध्यावर सोडून परतले असते तर व्हिसा संपला असता. तरीही मी निघायची तयारी केली होती. आईनेच अडवलं.

“तू येऊन काय करशीन? मी देवीले बोलली. तुह्या हातानं पाच घरचा जोगवा मांगतो म्हटलं.”

घरात कुणी आजारी पडलं की आमच्या उंद्री गावात अजून हा नवस बोलतात. देवीच्या नावाने पाच दारांत उभं राहून पीठ मागायचं, त्याची भाकर करून नैवेद्य दाखवायचा आणि वाटून खायची. चैत्र सरायच्या आत मी हे करावं, असं आईने परस्पर ठरवलं होतं.

“आई, इथं कोनाच्या दारात जाऊ मी? पोलिसाले फोन करतीन लोकं.”

“दार त दारच असते वं. तिथल्या बाया घरात पीठ नाही ठेवत का?”

देवीच्या यात्रेच्या बातम्या मी पुष्कळ लिहिल्या होत्या. ‘भाविकांची अलोट गर्दी’ हे शब्द कितीदा मथळ्यात टाकले, आठवत नाही. त्या गर्दीत मात्र मी कधी उभी राहिले नव्हते. आईच्या नवसावर माझा विश्वास नव्हता. तिला नाही म्हणायचं धैर्यही नव्हतं.

ईस्टरची दोन आठवड्यांची सुट्टी लागली. मुलं आजोळी गेली आणि मी आधीच ठरवलेल्या प्रवासाला निघाले. ऑस्ट्रियात साल्झबुर्गला नदीकाठचं गवत नुकतं हिरवं झालं होतं आणि लोक कोट काढून उन्हात बसले होते. तिथे एका गल्लीत मी एका दारासमोर थांबले. घंटेच्या बटणापर्यंत बोट नेलं आणि मागे घेतलं. बातमीसाठी मी शेकडो अनोळखी दारं ठोठावली होती. तेव्हा वृत्तपत्राचं ओळखपत्र गळ्यात असायचं. स्वतःसाठी मागायला गेल्यावर हात पुढे होईना. पुढे स्लोव्हेनियात ल्युब्ल्यानाला तेच झालं. संध्याकाळी आईचा फोन आला. तिने विचारलं आणि मी सांगितलं, “दोन घरं झाली.”

बातमीदारीत मी न घडलेली गोष्ट कधी घडली म्हणून लिहिली नव्हती. आता तशीच एक मी आईला सांगितली. आईने लगेच फोन बाबांसमोर धरला आणि मोठ्याने म्हणाली, “ऐकलं का? दोन घरं झाली पोरीची!” बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी फोन ठेवला. जेवायला बाहेर पडले नाही.

दुसऱ्या दिवशी परत ऑस्ट्रियात, श्टायरमार्क प्रांतातल्या एका खेड्यात पोचले. टेकडीच्या पायथ्याशी एका शेतघरात खोली घेतली होती. घरमालकीण सत्तरीची विधवा, एकटी राहणारी. वाटेवर जर्दाळूची झाडं फुलली होती. वरच्या डोंगरावर बर्फ तसाच होता. पौर्णिमा दोन दिवसांपूर्वी झाली होती. ईस्टरचा रविवार वसंतातल्या पौर्णिमेवरून काढतात, हे घरमालकिणीकडूनच कळलं. आमच्याकडे देवीची यात्रा त्याच चैत्र पौर्णिमेला असते. मी हे वहीत टिपून ठेवलं, सवयीने.

शनिवारी सकाळी सहाला तिने दार वाजवलं. “तुझे पाय तरुण आहेत. माझा गुडघा भरभर चढू देत नाही. चल.”

त्या भागात ईस्टरच्या आदल्या सकाळी चर्चसमोर अग्नी पेटवून धर्मगुरूकडून आशीर्वादित करून घेतात. झाडाच्या खोडावर वाढणारी, वाळलेली कठीण अळंबी त्यावर पेटवतात आणि भोकं पाडलेल्या डब्यात घालून घरोघरी नेतात. प्रत्येक घरी चुलीत तिचा एक धुमसता तुकडा टाकायचा आणि त्या विस्तवावर सणाचा स्वयंपाक व्हायचा. हे काम घरमालकिणीच्या घराकडे होतं. यंदा करायला कुणी नव्हतं. चर्चसमोर विस्तव भरून तिने तारेचा दांडा असलेला तो डबा माझ्या हातात दिला आणि टोपली घेऊन हळूहळू मागून येऊ लागली.

विझू नये म्हणून डबा झुलवत चालायचं. धुराचा वास थेट गोवऱ्यांचा होता. टेकडीवर सात घरं होती. पहिल्या घरी चुलीत विस्तव टाकला, त्या बाईने टोपलीत लाल रंगवलेली अंडी ठेवली. दुसऱ्या घरी गोड पाव मिळाला. दोन्हीकडे दार आधीच उघडं होतं. त्यांना माझं नाव ठाऊक नव्हतं आणि ते त्यांनी विचारलंही नाही.

तिसऱ्या घरची बाई कणीक मळत होती. हात कोपरापर्यंत पिठाने भरले होते. विस्तव टाकून मी वळले आणि थांबले. मोडक्या जर्मनमध्ये म्हणाले, “मला मूठभर पीठ द्याल? माझे वडील आजारी आहेत.” हे मी म्हणायचं ठरवलं नव्हतं. त्या बाईने एकदा माझ्याकडे पाहिलं, कागदी पिशवीत ओंजळभर पीठ घातलं, पिशवीवर अंगठ्याने क्रूस काढला आणि विचारलं, “एवढं पुरेल?”

बाहेर येऊन मी घरमालकिणीला सगळं सांगितलं. नवस, बाबा, दोन घरांचं खोटं. तिने पिशवी टोपलीत ठेवली आणि म्हणाली, “मग अजून चार घरं आहेत. चल, विस्तव विझेल.” पुढच्या घरांपाशी फाटकातूनच ती ओरडायची, “विस्तव आला! आणि हिला पीठ हवंय!” शेवटच्या घरी एक म्हातारा होता. त्याच्याकडे फक्त मक्याचं पीठ होतं. “का, भारतातलं संपलं?” त्याने विचारलं. “आधी भर पिशवी,” घरमालकीण म्हणाली, “चेष्टा मग कर.” त्याने पिशवी काठोकाठ भरली.

पहिली दोन घरं मी न मागता सोडली होती. पीठ मागितलं ती बरोबर पाच. टेकडीवर आठवं घर नव्हतं. खाली उतरताना मी पुन्हा मोजलं आणि हातातला डबा झुलायचा थांबला. याचा अर्थ मी लावत नाही. घडलं ते लिहिते.

घरमालकिणीच्या चुलीवर, त्याच विस्तवावर, मिसळलेल्या पिठाची भाकर केली. ती तुटली. त्या दोन तुकड्यांचाच नैवेद्य दाखवला आणि घरी फोन लावला. तिथे दुपार होती.

“आई, मी खोटं बोलली. दोन घरं झाली नव्हती. आज झाली, पाचही.”

“मले मालूम होतं वं.”

“मंग बोलली काऊन नाही?”

“तू मांगशीन, हे बी मालूम होतं.”

“अन् आज शनिवार हाय. जोगव्याचे वार मंगळवार-शुक्रवार. टोपलीत अंडी बी हायेत.”

“देवीले बकरं चालते, अंडं काऊन नाही चालनार? दाखव बरं भाकर तुह्या बाबाले.”

मी ताटली पडद्यासमोर धरली. बाबांनी भाकर पाहिली. ओठ हलले, तो लांब सूर निघाला, तुटला, पुन्हा निघाला. मग ते म्हणाले, “जेवली?”

आईच्या हातातून फोन खाली पडला. मला नुसतं घराचं छत दिसत होतं आणि बाबांचा आवाज येत होता, “जेवली? जेवली?” घरमालकिणीने शब्द कळला नाही तरी काय झालं ते ओळखलं. तिने भाकरीचा तुकडा माझ्या हातात दिला आणि मी बाबांना ऐकू जाईल असं म्हणाले, “जेवते, बाबा.”

डॉक्टरांना आश्चर्य वाटलं नाही. या काळात शब्द येऊ लागतात, असं ते म्हणाले. ते खरंच असेल. मी त्यांच्याशी वाद घातला नाही आणि आईशीही नाही. बाबा आता बोलतात, काही नावांपाशी अडखळतात. त्या पाच घरांचे मी आभार मानले तेव्हा त्यांना त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. मला मात्र रोज वाटतं. इतकी वर्षं मी लोकांच्या दारात प्रश्न घेऊन जात होते. त्या सकाळी पसरलेला हात घेऊन गेले, आणि पुढचं सगळं माझ्या हाताबाहेरचं होतं.