न वाढवलेला लॅपटॉप

दिगंबर गेल्याचा फोन त्याच्या बायकोनं, शोभावैनींनीच केला. "भाऊजी, ह्यांना सकाळी छातीत कळ आली..." एवढंच बोलल्या. त्याच्या गावी, पिंगळीला पोचलो तेव्हा ओसरीत माणसं बसली होती आणि आतल्या खोलीत त्याचा लॅपटॉप चालूच होता. पुढं कित्येक आठवडे तो तसाच चालू राहिला, कारण बंद करायची सोयच नव्हती. डिस्कला त्यानं पासवर्डचं पक्कं कुलूप घातलेलं आणि पासवर्ड फक्त त्याच्या डोक्यात. एकदा बंद झाला की लेकीचे लहानपणापासूनचे फोटो आणि त्याचं सगळं काम आतच राहणार होतं. बॅटरी तर केव्हाच मेलेली. लाईट गेली की वैनी इन्व्हर्टरकडं बघत बसायच्या.

परभणीच्या कॉलेजात तो फिजिक्स शिकवायचा, मी मराठी. जुन्या लॅपटॉपला नवी विंडोज चालत नाही असं कळलं की लोक तो भंगारात काढायचे आणि हा पठ्ठ्या मधेच आडवा यायचा. "कामून फेकता? लिनक्स टाकून देतो, लय पळंल." त्यानं कितीजणांच्या मशिनी अशा उठवून बसवल्या ते त्यालाच ठाऊक. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मुक्त प्रणाली, कुणीही घ्यावी, कुणीही बदलावी. वर तिचं मराठी भाषांतर करायचं खूळ. त्यापायी भर वर्गातून बाहेर बोलावून मला शब्द विचारायचा. आता म्हणे लिनक्स घातलेले नवे कोरे लॅपटॉपही विकत मिळतात. ते बघून चार दिवस तरी नाचला असता.

मशीन बंद करायच्या बटणावरचा 'बंद करा' हा शब्द त्याला पटेना. "आरं, दिवसभर राबलेल्या मशिनीला बंद करा म्हणायचं? दुकान आपण बंद करतो का? वाढवतो." झालं, त्यानं बसवलेल्या प्रत्येक मशिनीवर 'वाढवा' आलं. जिंतूरच्या कदम मॅडम प्रश्नपत्रिका टाइप करत होत्या. त्यांचा फोन आला, "सर, अक्षर बारीक दिसायलंय म्हणून 'वाढवा' दाबलं, तर समदंच गेलं की हो!" मी पोट धरून हसलो. दिगंबर ढिम्म. जिंतूरला जाऊन पेपर स्वतः टाइप करून दिला, पण शब्द काही बदलला नाही. जित्याची खोड.

खरं सांगतो, आता थकलोय. त्याला यायचे ते सगळे फोन मला येतात. वायफाय लागत नाही, प्रिंट निघत नाही... मी मराठीचा मास्तर, मला त्यातलं काय कळतंय? "मुक्त म्हंजे फुकट न्हाई रे, मुक्त म्हंजे आपलं," असं तो म्हणायचा. असेल. पण आपलं म्हटलं की राबणारा एकटाच उरतो, आणि तो गेला की बाकीचे नुसते फोन करतात. त्याचं भाषांतर अर्ध्यावर आहे. पुढं कोण करणार, मला माहीत नाही. त्याचा रागही येतो आणि आठवणही येते, दोन्ही एकदमच.

त्याच्या खुर्चीत माझ्याच्यानं बसवत नव्हतं. मागच्या रविवारी शेवटी बसलो. सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवलं, फोटो लेकीच्या लॅपटॉपवर उघडून दाखवले. म्हटलं, "वैनी, आता घोर मिटला. हा थांबवला तरी चालतं."

तेवढ्यात लाईट गेली. वैशाखातली भर दुपार, पत्र्याची खोली. इन्व्हर्टर टूं टूं करायला लागला. वैनी उठल्या. आधी ओसरीतला पंखा बंद केला, मग स्वैपाकघरातला, मग आमच्या डोक्यावरचा.

"इन्व्हर्टर उतरायलाय भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्याला पुरू द्या."

घामानं निथळत आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो. खोलीत लॅपटॉपचा पंखा तेवढा फिरत होता.