दोन म्हशी, हात तेवढेच

सर्व्हरच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढणारा आणि आत गेल्यावर यंत्राला आधी तळहात लावून पाहणारा मी एकच माणूस पाहिला. पहाटे दोन म्हशींची धार काढून ते ड्युटीवर यायचे, म्हणून कोल्हापुरातला तो अख्खा दवाखाना त्यांना म्हशीचे साहेब म्हणायचा. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

मी नववीनंतर शाळा सोडलेली, नोंदणीच्या खिडकीवर टायपिंग करायची. हात चालतो एवढं पाहून त्यांनी मला सर्व्हरवर घेतलं. एकाच सर्व्हरच्या पोटात बिलांचं, तपासण्यांचं, औषधांचं अशी निरनिराळी आभासी मशीन कशी चालतात, ते त्यांनीच दाखवलं. इंग्रजी आलं की मला घाम फुटायचा. मग ते म्हशींवर यायचे. "सर्व्हरच्या डोस्क्यातला कोअर म्हंजे धार काढणारा माणूस. थ्रेड म्हंजे त्याच्याम्होरं बांधलेली म्हस, एकाला दोन. एक पान्हा सोडंपतूर तो दुसरीखाली बसतोय, रिकामा ऱ्हात न्हाय. हायपर-थ्रेडिंग म्हणत्यात ते हेच. पण दोघी एकदम पान्हावल्या तर? हात दोनच हाईत की." शेवटी विचारायचे, समजलं का. मी दर वेळी हो म्हणायची. माझी नववी उघडी पडेल, ही धास्ती.

एका रविवारी ते जोतिबाच्या खेट्याला, डोंगरावर पायी दर्शनाला, गेले आणि इकडे नव्या विभागाला आभासी मशीन हवं झालं. पडद्यावर बत्तीस थ्रेड दिसत होते, सोळा जुन्या मशीनांना वाटलेले. उरलेले सोळा मी नव्याला देऊन टाकले. माणसं मुळात सोळाच होती. मी म्हशी मोजल्या.

सोमवारी सकाळी सगळ्या एकदम पान्हावल्या. बिलं निघेनात, रक्ताचे रिपोर्ट उघडेनात, खिडकीवर नातेवाईक आरडाओरडा करायला लागले. साहेबांनी आल्या आल्या तळहात लावला, पडदा पाहिला आणि नवं मशीन बंद केलं.

मॅनेजरांनी दोघांना बोलावलं. हिशेब कुणाचा, म्हणाले.

"माझा. मीच सांगून गेलतो. तिनं फकस्त टाकलं."

मी शेजारीच उभी होते. नोकरी गेली तर गावी काय तोंड दाखवायचं, एवढंच डोक्यात.

शुक्रवारी त्यांना कामावरून काढल्याचा निरोप मिळाला. डबा पिशवीत भरत होते, तेव्हा मी म्हटलं, "साहेब, म्हशींचं मला कधी समजलंच नव्हतं."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "बस. परत सांगतो." आणि कागदावर माणसं आणि म्हशी काढत अर्धा तास सांगितलं.

तो कागद इथं हैदराबादेत माझ्या टेबलाच्या खणात आहे. इथंही सर्व्हरच सांभाळते, त्याच्यावरच पोट भरते. साहेब गेल्या वर्षी वारले. समजलं नाही, हे सांगायला मला पाच दिवस उशीर झाला. मॅनेजरांपुढं जे म्हणायचं होतं, ते तर राहूनच गेलं.