वरातीची घोडी

रहीमभाऊंचे माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत. भद्रावतीत त्यांची वरातीची घोडी होती. लग्न नसेल त्या दिवशी, गवताच्या एका भाऱ्याच्या बदल्यात ते आम्हा मजुरांच्या पोरांना तिच्यावर बसायला शिकवत.

काल ऑफिसातून थकून परतताना चंद्रपुरात एक वरात आडवी आली. घोडीच्या घामाचा वास आला आणि मी पहिल्यांदा रहीमभाऊंच्या घोडीवर बसलो ती दुपार आठवली. खोगिराच्या जागी पोत्याची घडी होती, तीही टोचत होती. घोडी थोडी चालली आणि थांबली.

"काऊन थांबली, भाऊ?"

"वरातीची हाय ना बेटा. कोणी नाचल्याबिगर पुढं जात नाई. तू तिची मान सोडू नको, मी नाचतो."

तापलेल्या मैदानात ते एकटेच नाचले आणि घोडी हलली. आम्ही पोट धरून हसलो. रात्रभर वरातीसोबत चालून ते सकाळीच घरी आले होते. तो थकवा मला आता कळतो.

रहीमभाऊ आता म्हातारे झालेत, बहुतेक खाटेवरच असतात, पण दारात नवी घोडी आहे. माझ्या मुलीला घोड्यावर बसायचं आहे आणि शहरातल्या क्लासची फी मला झेपत नाही. म्हणून आज त्यांना पत्र पाठवलं:

"रहीमभाऊ, रविवारी पोरीला घेऊन येतो. गवत आणतोच. तुमची नवी घोडीही थांबत असेल, तर तुम्ही खाटेवरून उठू नका. मी नाचतो."