चार्जिंग होईपर्यंत

साइटवरून परत येताना चपलेला धूळ आणि डोक्याला एखादा किस्सा चिकटलेला असतोच. धूळ दारात झटकता येते, किस्सा मात्र कोणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही!

शहराच्या खर्चाने दिल्लीच्या मध्यभागी इलेक्ट्रिक गाड्यांची चार्जिंग स्टेशनं उभारायची, हे आमचं काम. टीम तिघांची. मी इंजिनिअर, मूळची नागपूरची. रिटायरमेंटला आलेले भाटियासाहेब. आणि टेक्निशियन फरहान.

*

पहिल्या स्टेशनचं उद्घाटन. पाहुण्यांनी चार्जरची गन गाडीत खोचली, टाळ्या झाल्या. पाहुणे मात्र कान देऊन उभे!

"आवाज़ क्यों नहीं आ रही?"

भाटियासाहेबांनी समजावलं, सर, हे असंच शांतपणे होतं. पाहुण्यांना पटेना. कॅमेरेवाले खोळंबले. तेवढ्यात मशीनमागून बारीक आवाज आला, "घूंऽऽऽ..."

"हाँ! अब चालू हुई!" पाहुणे खूश.

मशीनमागे फरहान होता.

*

पहाडगंजमध्ये चादरींचे दुकानदार गुप्ताजी आमच्यावर जाम भडकले होते. दुकानासमोरचं पार्किंग गेलं, तर गिऱ्हाईक येणार कुठून? "मैडम, मेरी दुकान बंद करवाओगी क्या?" माणूस खरंच घाबरला होता. दोन मुलींचं शिक्षण त्याच दुकानावर चाललेलं. मलाही वाईट वाटलं, पण जागा ठरून गेली होती.

स्टेशन सुरू झालं. काही महिन्यांनी त्यांनी मला रस्त्यात गाठलं. आता ऐकून घ्यावं लागणार, म्हणून मी मान खाली घातली. ते हळूच म्हणाले, "लोग गाड़ी लगाके चादर देखने आ जाते हैं, मैडम. बस... ये मशीन थोड़ी स्लो नहीं हो सकती?"

*

थंडीतली सकाळ. एका बाईंचा फोन, "मशीन पे कोई बैठा है, हट ही नहीं रहा!"

फरहान अगदी अदबीने म्हणाला, "उनसे रिक्वेस्ट कीजिए, मैडम."

"अरे, बंदर है!"

मशीन छान गरम असतं ना! माकड उन्हं वर आल्यावर आपणहून गेलं. पण तक्रारीच्या ॲपमध्ये कारण भरावंच लागतं, आणि तिथे माकडाचा पर्याय नाही. फरहानने बराच विचार करून निवडलं: 'दुसरा ग्राहक वापरत आहे.'

*

माझी आई आमच्या आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये राहायला आली आणि घरातच बसून राहिली. हिंदी बोलायची लाज वाटायची. दिवसेंदिवस गप्प होत चाललेली. एकदा मी तिला ओढूनच साइटवर नेलं. मी मीटर तपासून येते तर आई एका अनोळखी गाडीत, पुढच्या सीटवर! गाडीवाली अमरावतीची निघाली. चार्जिंग होईपर्यंत दोघींच्या गप्पा, हसणं, मधूनच डोळे पुसणं.

आता रोज संध्याकाळी आई चप्पल घालून तयार. "काय गं, आज चार्जिंगला नाही जायचं?"

आमच्याकडे स्कूटर आहे. पेट्रोलची!

*

आणि लग्नसराईतली ती संध्याकाळ. फुलांनी मढवलेली गाडी घेऊन नवरदेव स्टेशनवर. बॅटरी संपत आलेली, मागे अख्खी वरात, बँडवाले सुरूच. दोनपैकी एक गन बिघडलेली, फरहान तीच दुरुस्त करत होता. दुसऱ्या गनला एक छोटी लाल गाडी लागलेली, काचा बंद.

नवरदेवाचा मित्र धावत गेला, काचेवर टकटक केली. "मैडम, प्लीज़! दूल्हा है, बारात रुकी है!"

काच खाली झाली. आत लेहंगा, दागिने, हातभर मेंदी.

"तो? मैं भी दुल्हन हूँ! पार्लर से आ रही हूँ!"

भाटियासाहेबांना राहवेना. "किसकी, बेटा?"

तिने मान बाहेर काढून फुलांच्या गाडीकडे पाहिलं आणि ओरडली, "रोहित! कल बोला था ना, चार्ज कर लेना?"

बँड थांबला. सेहरा सावरत रोहित खाली उतरला. त्या दोघांचं काय बोलणं झालं, ते आम्हाला ऐकू आलं नाही. फुलांची गाडी फरहानजवळ चार्जिंगला लागली, आणि वऱ्हाडी साहेबांना आणि मला आग्रहाने सोबत घेऊन गेले.

मांडवाच्या दारात नवरीची आई ओवाळायला ताट घेऊन उभी होती. लाल गाडी येऊन थांबली. आईने हौसेने दार उघडलं.

आत नवरदेव, मांडीवर तिची पर्स घेऊन. आणि स्टिअरिंगवर नवरी!