शब्दांच्या जाती
तपकिरीचा वास आला की मला बोरी अरबजवळच्या खेड्यातली ती शाळा आठवते. चौथीच्या मुलांना मी शब्दांच्या जाती शिकवत होते. नुकताच बौद्ध धर्म स्वीकारलेल्या घरातली एक मुलगी मी पहिल्या रांगेत बसवली होती. तेवढ्यात हेडमास्तर नाकात तपकीर कोंबत वर्गात आले. तिला पाहून त्यांचं तोंड वाकडं झालं. "समोर कायले बसली वं? धर्म बदलला म्हणून जात थोडीच बदलते! शब्दायलेही जाती असतात. सांग, अव्यय म्हणजे काय?" मुलगी उभी राहिली. "जे कधीच बदलत नाही ते, गुरुजी." "उदाहरण दे." तिनं त्यांच्याकडे सरळ पाहिलं आणि म्हणाली, "तुमी." माझ्या हातातला खडू मोडला. आणि तो माणूस चक्क खूश झाला! "बराबर बोलली पोरगी! आपण नाही बदलत," म्हणत मिशीवरून हात फिरवत निघून गेला आणि दिवसभर हाच किस्सा कौतुकानं सांगत फिरला. मुलगी खाली बसली, पहिल्याच रांगेत. परवा नातीनं मला अव्ययाचं उदाहरण विचारलं, तर माझ्या तोंडून आधी त्या माणसाचंच नाव आलं.