किल्ल्यावरच्याचं पान

मंगेश धुरीला काळजी करायला कारण लागत नाही, हे गावात कोणीही सांगेल. काजूला मोहोर आला नाही तर त्याला काळजी, आणि आला तर तो गळेल याची काळजी. घराबाहेर पडला की फाटकापासून परत येऊन गॅस बंद आहे का बघतो. बायको प्राजक्ता आत त्याच गॅसवर भात शिजवत असली तरी बघतो. तालुक्याच्या कचेरीत इतकी वर्षं नोकरी झाली, पण त्याच्या टेबलावरून एक कागद चुकून पुढे गेलेला नाही. साहेब त्याला मानतात आणि पाठ वळली की हसतात. दोन्ही त्याला ठाऊक आहे.

पण त्याच्या एका भीतीला गावात कोणी हसत नसे. ती धुऱ्यांच्या सगळ्या घराण्याचीच होती.

धुऱ्यांचा एक पूर्वज मालवणच्या समुद्रातल्या किल्ल्यावर लढायला गेला तो परत आला नाही. कुठल्या लढाईत, समोर कोण होतं, हे घरात कोणालाच धड माहीत नाही. नावसुद्धा उरलेलं नाही, 'किल्ल्यावरचो' एवढंच. भाद्रपदात पितृपक्षाचा म्हाळ घातला की सगळ्या पितरांची पानं ओळीने मांडली जातात आणि किल्ल्यावरच्याचं पान तेवढं पडवीत, पश्चिमेकडे तोंड करून, एकटं. तो अजून घरी पोचलेला नाही, म्हणून त्याला आत कसं वाढणार? आणि तेव्हापासून धुऱ्यांचा एकही माणूस ते पाणी ओलांडून किल्ल्यात गेलेला नाही. मंगेशने शाळेच्या सहलीतसुद्धा धक्क्यावर बसून वर्गातल्या पोरांच्या चपला सांभाळल्या होत्या.

यंदा म्हाळाच्या दिवशी त्याची आई पडवीतल्या पानासमोर बराच वेळ बसून राहिली. तिला सगळं गाव अक्का म्हणतं, मंगेशही अक्काच म्हणतो.

"ह्येका एकट्याक किती वर्सा जेवक घालतलंव रे?" ती म्हणाली. "तेका परत हाडूक कोण गेलोच नाय. दिवाळी झाली की पुढच्या अमाशेक माका किल्ल्यार ने. पान थय वाढतंय आणि तेका घराक घेऊन येतंय."

गेल्या पावसाळ्यापासून अक्काला अंगणातून तुळशीपर्यंत जाताना धाप लागत होती. डॉक्टरांनी दगदग नको म्हणून बजावलं होतं.

"अक्का, तुका झेपाचा नाय," तो म्हणाला.

"म्हणानच आता जावचा आसा," अक्का म्हणाली आणि उठून आत गेली.

मग मंगेशने तयारी सुरू केली. तयारी म्हणजे काय, भीतीलाच कामाला लावलं. एका रविवारी तो कोणाला न सांगता मालवणला गेला आणि धक्क्यावर बसून, किल्ल्यात गेलेले पर्यटक परत येतात का, हे पाहत राहिला. सगळे परत आले. शहाळी पीत, फोटो काढत, पोरांना ओरडत आले. ते पाहून त्याला धीर यायला हवा होता. पण त्यांतलं कोणी धुरी नव्हतं, असं मनाशी म्हणत तो घरी आला.

हरिश्चंद्र नावाचा एक होडीवाला त्याने त्याच दिवशी ठरवून ठेवला होता. त्या बिचाऱ्याला मग फोनवर फोन. जॅकेट म्हाताऱ्या माणसाला बसेल का? अमावास्येला उधाण असतं ना? होडीत चढताना हात कोण देणार?

"भाऊ, उधाण आसताच," हरिश्चंद्र शांतपणे म्हणायचा. "पण पाण्याचा बघानच आमी होडी सोडतंव. तुमी येवा."

प्राजक्ताने एकदा सरळच विचारलं, "तुमका अक्काची काळजी की किल्ल्याची?"

मंगेश उठून गॅस बघून आला. दोन्ही एकच झालं होतं. त्या पाण्यापलीकडे गेलेलं आपलं माणूस येत नाही, हे त्याच्या हाडात मुरलं होतं, आणि आता आईला हाताला धरून तिथे न्यायचं ते त्यानेच. तिला काही झालं तर? म्हाळाला पडवीत दोन पानं मांडावी लागतील, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

शेवटी निघायच्या आदल्या दिवशी कचेरीच्या जिन्यात उभं राहून त्याने हरिश्चंद्राला फोन लावला.

"आई उद्या इली की तिका सांगा, आज होडये बंद आसत. पाणी खवळलासा म्हणान सांगा."

"मी सांगू आयेक खोटा?" हरिश्चंद्र म्हणाला.

"माज्यासाठी."

"बरा," एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघाली. पुढे मंगेश, मागे प्राजक्ता, कॉलेजात जाणारी मुलगी गौरजा आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकलेली अक्का. डब्यात वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, तांदळाची खीर. वाटेत अक्का एक शब्द बोलली नाही. मंगेश मात्र मनातल्या मनात ते खोटं पुन्हा पुन्हा घोकत होता.

धक्क्यावर पोचले तेव्हा समुद्र तळ्यासारखा पडला होता. हरिश्चंद्र होडीचा दोर हातात धरून उभा होता. त्याने मंगेशकडे पाहिलं आणि नजर वळवली. तो तोंड उघडणार एवढ्यात अक्काने पिशवीतून नारळ काढून मंगेशच्या हातात दिला.

"आधी गाऱ्हाणा घाल. घरचो कर्तो तू."

मंगेशच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. एवढा विचार करणारा माणूस, पण कोकणातला माणूस गाऱ्हाण्याशिवाय, देवाला हाक मारून सांगितल्या-मागितल्याशिवाय, पाण्यात पाऊल टाकत नाही, हेच विसरला होता. बाबा होते तोवर गाऱ्हाणं तेच घालत, नंतर त्याने ते काम गुरवावर ढकललं होतं. आता हातात नारळ आणि समोर पाणी. त्याने डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या पाण्याच्या काठार धुऱ्यांची लेकरा उभी रवलेली आसत."

"व्हय म्हाराजा," मागे उभ्या असलेल्या तिघी म्हणाल्या.

"हेंचो एक पूर्वस ह्या किल्ल्यार लढाक गेलो, तो घराक इलो नाय."

"व्हय म्हाराजा."

"तेका हाडूक ह्या घरातला कोण गेला नाय. सगळे भियाले."

"व्हय म्हाराजा."

आता देवाकडे मागायचं होतं, सगळ्यांना सुखरूप ने आणि सुखरूप आण म्हणून. पण होडी तर जाणारच नव्हती, त्यानेच तशी व्यवस्था केली होती. देवासमोर उभं राहून कसलं मागणं मागणार?

"आणि ह्यो मंगेशय भियालो," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "आवशीक थय नेली आणि ती परत इली नाय तर, ह्या भयान तेणा होडीवाल्याक खोटा बोलाक सांगितल्यान. होडये बंद आसत म्हणान सांग, असा सांगितल्यान."

गाऱ्हाण्यात बोललेल्याला होकार द्यायचा असतो, भांडण करायचं ते नंतर. पण प्राजक्ता आणि गौरजा एकमेकींकडे बघत राहिल्या.

"व्हय म्हाराजा," पाण्याच्या कडेने हरिश्चंद्राचा आवाज आला.

मग, धापेत अडकत, अक्काचा. "व्हय म्हाराजा."

मंगेशच्या डोळ्यांतून पाणी आलं. "जी काय चूक झाली ती पायाखाली घाल," तो कसाबसा म्हणाला, "आणि जाणारी सगळी माणसा परत हाड, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." या वेळी चौघांचा आवाज एकत्र आला.

अक्काने पुढे होऊन त्याच्या दंडाला धरलं. "भय माकाय वाटता रे," ती म्हणाली. "एकटीक जावक होया असता तर तुका कित्याक हाडलंय असतंय?"

होडीत चढताना अक्काला हात मंगेशनेच दिला. पलीकडे पोचेपर्यंत तो पाण्याकडे न बघता तिच्या छातीच्या वरखाली होण्याकडे बघत होता. किल्ल्याच्या दरवाजातून आत गेल्यावर अक्का पहिल्याच झाडाखाली टेकली. तिथेच तिने पान वाढलं आणि त्यावर पाणी फिरवलं. कावळा आला की नाही, हे मंगेशने पाहिलंच नाही.

"जेवलंस मा?" अक्का पानाशी बोलावं तशी बोलली. "चल आता, घराक जावया."

परत धक्क्यावर उतरल्यावर हरिश्चंद्राने दोर बांधला आणि मंगेशकडे बघून मान हलवली. अक्का दमली होती, पण आपल्या पायांनी गाडीपर्यंत आली. मंगेशने तिला मागे बसवलं, पट्टा लावला, तो नीट लागलाय का ओढून पाहिलं. प्राजक्ता आत बसली. गौरजा दाराशी मोकळी ऐसपैस बसली आणि तिने दार ओढायला हात घातला.

मंगेशने दार धरून ठेवलं.

"सरक गो जरा आत," तो मुलीला म्हणाला. "तेका जागा दी."

गौरजा सरकली. मंगेश दार उघडं धरून थोडा वेळ थांबला, वयस्क माणूस चढायला जेवढा वेळ घेईल तेवढा. मग त्याने ते अलगद लावलं, आणि नीट लागलंय का, हे एकदाही न बघता पुढे जाऊन गाडी सुरू केली.